डोळे ठरेपर्यंत

ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी भाडं ठरलं. महिना बावीस हजार, वीज वेगळी. हजर होते घरमालक, मी, माझी बायको आणि तीन काळ्या मांजरी.

आमची बोरीवलीतली इमारत पुनर्विकासाला गेली होती. बिल्डर देत असलेल्या भाड्यात बसेल अशी जागा शोधत आम्ही जवळच्या जुन्या गावठाणात पोचलो. तिथे क्रुसाच्या चौथऱ्यामागे त्यांचं एक मजल्याचं घर होतं. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन मुलुंडला. ते एकटे खाली राहत आणि वरच्या दोन खोल्या त्यांना भाड्याने द्यायच्या होत्या. मी अकाउंट्समधला माणूस, प्रश्नांची यादी काढली. पाणी किती वाजता येतं, मुदत किती, नोटीस किती महिन्यांची. त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. ते माझ्या बायकोच्या डोक्याकडे बघत होते.

"केस रंगवतेस काय, बाय?"

"हो. का हो?"

"मुळाशी पांढरे दिसले. चालतं. माणसाला चालतं. मांजराला नाय चालत."

बायको माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, निघूया. पण तेवढ्यात तिन्ही मांजरींतली थोरली तिच्या मांडीवर चढून बसली आणि ती निघायचं विसरली. खोल्या आम्ही घेतल्या. पुढची चार वर्षं मी त्यांना अंकल म्हणत होतो, ते मला 'रे' म्हणत आणि बायकोला 'बाय'. चार वर्षांत त्यांनी भाडं वाढवलं नाही आणि पाण्याची वेळही शेवटपर्यंत सांगितली नाही.

तरुणपणी ते मालवाहू बोटीवर स्टुअर्ड होते. त्या नोकरीतलं त्यांना बाकी काही आठवत नसे, किंवा सांगावंसं वाटत नसे. एकच गोष्ट ते सांगत आणि ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की मधेच कुठूनही सुरू करू शकतो. अमेरिकेतल्या एका बंदरात बोट दुरुस्तीला थांबली होती. रविवारी ते मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेले. मिसानंतर चर्चच्या हॉलमध्ये मांजरांचं प्रदर्शन होतं, फुकट होतं म्हणून आत गेले. एका पिंजऱ्यात पॉलिश केलेल्या बुटासारखं काळंभोर मांजर बसलेलं, आणि समोरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं 'बॉम्बे'.

"मी त्या पिंजऱ्यावाल्या मडमेला बोललो, मी पण बॉम्बेचा. ती बोलली, हाऊ नाइस. मी बोललो, हे कधी आलं तिथून? तर ती हसायला लागली. बोलली, हे कधीच नाय गेलं तिकडे. ह्याचा बाप पण नाय, आजा पण नाय."

मग ती जात कशी झाली ते सांगायचे. केंटकी नावाच्या प्रांतात मांजरं पाळणारी एक बाई होती. तिला दिवाणखान्यात ठेवता येईल असा एक छोटा काळा बिबट्या पाहिजे होता. ब्रह्मदेशाच्या नावाची एक तपकिरी जात आणि अमेरिकेतलं आखूड केसांचं काळं मांजर यांची तिने जोडी लावली. पहिल्यांदा फसलं. बाईने नर बदलला, पुन्हा जोडी लावली, आणि वर्षांमागून वर्षं गेल्यावर जमलं. केस आखूड, अंगाला चिकटलेले, टोकापासून मुळापर्यंत काळे. नाक काळं, पंजाच्या गाद्या काळ्या. डोकं गोल. दिसतं त्यापेक्षा उचलायला जड. डोळे मात्र नव्या तांब्याच्या नाण्यासारखे. काळा बिबट्या हिंदुस्थानातला, म्हणून जातीचं नाव बॉम्बे. आजही ती जात तिकडे फार कमी घरांत आहे, असं ते सांगत.

"तिला कोणी तरी सांगायला पायजे होतं," ते दर वेळी म्हणायचे. "आमच्या बोरीवलीच्या जंगलात बिबटे हायत, पण ठिपक्यांचे. काळा एक नाय. आणि बॉम्बे मांजर? ते पण एक नाय. नाव आमचं आणि वस्तू तिकडे!"

बोटीची नोकरी सुटल्यावर ते घरी आले आणि त्यांनी ठरवलं की मुंबईत एक तरी बॉम्बे जन्माला घालायचं. इथल्याच मांजरांतून. निवडून निवडून. मी त्यांना सरळ विचारलं होतं, "अंकल, ती जात बर्मी आणि अमेरिकन मिळून झालेली. तुमची गल्लीतली. मग ती बॉम्बे कशी होणार?"

"तू कुठे जन्मलास?"

"परळला."

"ही इथे, न्हाणीघरात. काळी हाय, आखूड केसांची हाय, जड हाय. डोळे तांब्याचे आले की झालं. मग हिला आणि त्या अमेरिकेवालीला शेजारी बसवा आणि कोणालाही विचारा, बॉम्बेची कुठची."



परीक्षा घ्यायची त्यांची पद्धत ठरलेली होती. पिल्लू चालायला लागलं की दुपारच्या उन्हात पायरीवर धरायचं आणि बारीक कंगव्याने केस दुभागून मुळं बघायची. उन्हात अंग तपकिरी मारलं तर तो 'गंजलेला'. गळ्याखाली किंवा छातीवर पांढरा ठिपका निघाला तर तो 'फादर', कारण काळ्या झग्यावर पांढरी कॉलर. खरे फादर एकदा घराला आशीर्वाद द्यायला आले होते, तेव्हा अंकल त्यांच्यादेखत ओरडले, "बाय, त्या फादरला बाहेर घाल, दूध सांडतोय." फादर दाराकडे निघालेच होते.

शेवटची परीक्षा डोळ्यांची. पिल्लांचे डोळे आधी निळे असतात, मग राखाडी होतात आणि काही महिन्यांनी खरा रंग येतो. तोपर्यंत ते पिल्लाला नाव ठेवत नसत. "डोळे ठरल्याशिवाय नाव नाय," हा नियम. रंग मोजायला त्यांच्याकडे एक तांब्याची कळशी होती. त्यांच्या लग्नात उंबराचं पाणी, म्हणजे नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी, विहिरीवरून वाजतगाजत ज्या कळशीतून आणलं, ती. दर रविवारी मिसाहून आले की ते ती चिंचेने घासत. माझी बायको मालवणकडची, शाळेत शिक्षिका, तिला ते बघवत नसे.

"अंकल, चिंचेने काळपट राहते. आमसूल घ्या."

"पंचेचाळीस वर्सं चिंचेने घासतोय."

"म्हणून पंचेचाळीस वर्सं काळपट."

घासलेल्या कळशीशेजारी पिल्लू धरायचं. रंग जुळला तर पास. थोरली बाहेरून आलेल्या मांजरीची, तिच्यापासून वंश सुरू करायचा म्हणून तिला परीक्षा नव्हती; बाकी एकही पिल्लू पास झालं नव्हतं. बहुतेकांचे डोळे हिरवे निघत, त्यांना ते 'कैरी' म्हणत. नापास झालेल्या प्रत्येकाचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणजे त्याची वंशावळ तिथेच थांबते, हा दुसरा नियम. तो ते कधी मोडत नसत. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून टाके निघाले की पिल्लू टोपलीत घालून मार्व्याहून तरीच्या होडीने खाडीपलीकडे मनोरीला. तिथे त्यांच्या चुलतभावाचं घर, मासळीचा धंदा. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. धक्क्यावर, जाळ्यांवर, होडीच्या सावलीत, जिकडेतिकडे काळी मांजरं.

"सगळी तुमचीच?"

"सगळी नापास," ते म्हणाले. पण त्यातल्या प्रत्येकासाठी थांबून त्यांनी पाठीवरून हात फिरवला. परतीची होडी चुकली.

गल्लीत त्यांची टिंगल व्हायची. काळी मांजर आडवी जाते म्हणून सकाळी दोघं-तिघं शिव्या देत. त्यांना ते शांतपणे सांगत की ती तिच्या कामाला चालली आहे, तूच तिला आडवा गेलास. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मुलांतल्या एकाने विचारलं, "अंकल, ही कुठच्या जातीची?"

"बॉम्बे."

"बॉम्बे नाय अंकल. मुंबई बोला ना."

"बरं, तू मुंबई बोल. मी बॉम्बे बोलतो. ती दोघांकडे पण बघणार नाय."

पोरं हसली. मग तोच मुलगा म्हणाला, "आणि तुमची जात कुठची, अंकल?" तो सहज बोलून गेला असावा, पण शेजारच्या पोराने त्याला कोपराने ढोसलं. अंकल म्हणाले, "माझे डोळे अजून ठरले नाय." आणि वर्गणी दिली, मागितली त्यापेक्षा जास्त.

मांजरीला जोडीदार शोधायचा तर ते त्याला 'स्थळ' म्हणत. "दहिसरला एक स्थळ हाय, पण गळ्यात पांढरं ऐकलंय." "कांदिवलीचं स्थळ मोडलं, गाडीखाली गेला." आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मालाडचं स्थळ आलं. मासळीबाजारातल्या एका कोळणीच्या पाटीशी एक काळा बोका बसतो आणि त्याचे डोळे लालसर आहेत, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. मला सुट्टी होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात कंगवा ठेवून दारात उभे. "चल रे. दोघं गेलेलं बरं दिसतं."

बोका होता. बर्फाच्या पेटीवर बसलेला, थोराड, गोल डोक्याचा. अंकल त्याच्यासमोर वाकले. मलाही दिसत होतं. ते डोळे पिवळे नव्हते, हिरवे तर अजिबात नव्हते. अंकलच्या घरातली कळशी रविवारी दुपारी जशी दिसे, तसेच होते.

"काय बाबा," कोळीण म्हणाली, "मावरा बघता की बोका बघता?"

"बोका. माझ्या घरात पोरगी हाय."

"अगो बाय! मग मुलाकडची मी. काय देणार?"

"काय पायजे ते माग."

"बगा हां. खातो लय. पापलेटाबिगर बसत नाय तो."

आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. अंकलनी कंगवा काढला, मानेवरचे केस दुभागले. मुळापर्यंत काळे. छाती बघितली, काखा बघितल्या. काळ्या. दोन्ही हातांनी उचललं आणि मला म्हणाले, "धर. बघ वजन." मी धरलं. दिसत होता त्याहून बराच जड होता. मग बोक्याने मान वळवली आणि त्याचा डावा कान उजेडात आला. कानाचं टोक सरळ कापलेलं होतं. भटक्या मांजरांची ऑपरेशनं करून सोडणारे लोक ही खूण करतात, म्हणजे पुन्हा तेच मांजर कोणी धरू नये.

अंकलनी ते बघितलं. कोळणीनेही बघितलं की त्यांनी बघितलं. ती जरा हळू आवाजात म्हणाली, "गेल्या वर्साला नेला होता गाडीतून. मला तरी काय म्हायती, बाबा."

"देखणा हाय," अंकल म्हणाले. त्यांनी तिच्याकडून अर्धा किलो पापलेट घेतलं, त्यातलं एक तिथेच बोक्यापुढे ठेवलं आणि तो संपवेपर्यंत आम्ही दोघं बाजारात उभे राहिलो. लोकांचे धक्के लागत होते. रिक्षात बसल्यावर तेच म्हणाले, "बघितलास ना तू? हाय. मुंबईत हाय. म्हणजे येतो तो रंग."

त्या दिवशी ते खरोखर आनंदात होते. घरी आल्यावर माझ्या बायकोला त्यांनी पापलेट दिलं आणि स्थळ कसं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. कानाचं सांगितलं नाही. ते मी रात्री सांगितलं. बायको बराच वेळ ताट पुसत राहिली.

त्यांच्या डोळ्यांचं आधी माझ्या बायकोच्या लक्षात आलं. चहा कपाबाहेर ओतला जायला लागला. पायरीवर बाजूला बसलेली मांजर त्यांना दिसत नसे, शेपटीवर पाय पडे. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. तिने एक दिवस पदर खोचून त्यांना रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू, आणि फार उशीर. जी नजर गेली ती येत नाही. उरलेली टिकवायची, जमेल तितकी. रोज थेंब घालायचे.

"किती टिकेल?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

"तीन-चार महिने?"

डॉक्टरांना वाटलं म्हातारा घाबरला आहे. आम्हाला माहीत होतं ते कशाचा हिशेब करत होते. थोरली मांजर गाभण होती. बाप होता गल्लीच्या टोकाचा एक काळा बोका, ज्याला ते रोज मांदेली घालून 'जावई' म्हणत. त्याचे डोळे पिवळसर होते, आजवरच्या सगळ्या जावयांत कळशीच्या सगळ्यांत जवळ. मांजर म्हातारी होती. हे तिचं शेवटचं वेत, हे डॉक्टरीणबाईंनी सांगूनच ठेवलं होतं. बाकीच्या दोन्ही मांजरी नापास, म्हणजे ऑपरेशन झालेल्या. तेव्हा जे काही व्हायचं ते याच वेताला, आणि त्यांना दिसतंय तोवर.

तीन पिल्लं झाली. दोन पहिल्याच आठवड्यात गेली. तिसरी मादी होती. ती जगली, पण थोरली त्या बाळंतपणातून उठली नाही. बायकोने ड्रॉपरने दूध पाजून पिल्लू वाढवलं. केस मुळापर्यंत काळे. छाती कोरी. हातात घेतली की मूठभर असूनही जड लागे. अंकल तिला बोटांनीच तपासत, कारण एव्हाना त्यांना समोरचंही धुरकट दिसायला लागलं होतं. रोज सकाळी जिन्याच्या तळाशी येऊन ते वर हाक मारत.

"बाय, डोळे?"

"निळेच, अंकल."

पुढे, "बाय, डोळे?"

"राखाडी मारतायत."

त्याच सुमाराला आमच्या नव्या इमारतीचा ताबा मिळायची तारीख आली. वर कोणी राहणार नाही म्हटल्यावर त्यांची मुलगी मुलुंडहून आली. चांगली बाई. तिने बापाला एका शब्दाने दुखवलं नाही. पण तिच्या मुलाला दमा होता, घरात मांजर नको असं डॉक्टरांनी सांगितलेलं. "डॅडी, तुम्ही एकटे कसे राहणार? तुम्हाला गॅस पण दिसत नाय." ते म्हणाले, येतो. फक्त हिचे डोळे ठरू दे. ती आमच्याकडे बघून म्हणाली, "किती दिवस लागतात?" माझ्या बायकोने खांदे उडवले. राखाडीत हिरवं उतरायला लागलं होतं, आणि ती आठवडाभर खाली काही सांगत नव्हती. "अजून ठरत नाहीत," एवढंच.

एका सकाळी त्यांनी हाक मारली नाही, ते स्वतःच कठड्याला धरून वर आले. मी ऑफिसला निघालो होतो.

"बाय, आता ठरले असतील. कळशी आण खालून."

तिने कळशी आणली. दिसायचं कमी झाल्यापासून त्यांनी ती घासली नव्हती. पोट काळवंडलेलं, गळ्याशी हिरवा थर चढलेला. बायकोने पिल्लू उन्हात धरलं, शेजारी कळशी धरली आणि दोन्हीकडे नीट बघून म्हणाली, "अंकल, कळशीसारखेच आहेत."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. मग त्यांनी हात पुढे करून कळशीच्या गळ्यावरून बोट फिरवलं. बोटाला खरखर लागली. ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"घासायची राहिलीय होय! तू वकील व्हायला पायजे होतीस, बाय." मग माझ्या दिशेने वळले. "तू हिशेबाचा माणूस. तू सांग रे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला पूर्ण समजला होता.

"हिरवे आहेत," मी म्हटलं.

"कैरी?"

"कैरी. आतल्या बाजूला पिवळी कड आहे."

"केवढी?"

"नखाच्या कडेएवढी."

त्यांनी मान हलवली. पिल्लू हातात घेतलं, एकदा तोललं आणि बायकोला परत दिलं. "मग कैरीच. डॉक्टरीणबाईला सांगून ठेव."

"अंकल, ही एकच राहिलीय," बायको म्हणाली. "हिचं ऑपरेशन केलं की संपलं सगळं."

"म्हणून नियम बदलतो काय?"

"कोणासाठी नियम? बघायला कोण बसलंय?"

"तेच तर. माझ्यामागे कंगवा घेऊन उन्हात कोण बसणार? तू शाळा सोडून बसणार? हा बसणार? हा वजन करील, दुसरं काय. नाय, बाय. चांगलं चाललं होतं. बंद करूया."

ते जिना उतरले तेव्हा मी मागून धरायला गेलो, तर म्हणाले, "सोड. मोजलेल्या हायत पायऱ्या."

त्या दिवशी संध्याकाळी बायको जेवताना म्हणाली, "तुला गरज होती?"

"त्यांनी विचारलं."

"मलाही विचारलं होतं."

"तू सांगितलंस ते त्यांना कळलंच की."

"कळलं होतं. तरी त्यांनी तुला का विचारलं? तू हो म्हणावंस म्हणून."

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तिचं म्हणणं बरोबर असेलही. पण ज्या माणसाने एका पांढऱ्या केसासाठी पिल्लू नापास केलं, त्याला मी शेवटच्या पिल्लाचा रंग खोटा सांगितला असता तर मग ती सगळी वर्षं कशाची होती? आज विचारलं तरी मी तेच सांगेन. बायकोही तेच म्हणेल जे तेव्हा म्हणाली. आमच्यात हे मिटलेलं नाही, आणि त्याच्यावर भांडणही आता होत नाही.

ऑपरेशन झालं. टाके निघाले त्या दिवशी ते म्हणाले, "हिला मनोरीला नको. तुम्ही न्या." जावयाला मांदेली घालायचं काम गल्लीतल्या एका बाईने आपल्याकडे घेतलं. उरलेल्या दोन मांजरी मनोरीला गेल्या. टोपली घेऊन मी गेलो, त्यांना तरीवर चढवणं आता शक्य नव्हतं. परत येऊन सांगितलं की दोघी लगेच होडीखाली जाऊन बसल्या. त्यांनी विचारलं, सावली होती ना? दुसऱ्या रविवारी मुलीने टॅक्सी आणली. ते पुढच्या सीटवर बसले आणि काच खाली करून विचारलं, "बाय, खाली पाणी किती वाजता यायचं ग आपल्याकडे? मुलीला सांगायचं हाय, नवा भाडेकरू विचारील."

"साडेपाचला, अंकल. पहाटे," बायको म्हणाली.

नव्या घरात पिल्लू तिसऱ्या दिवशी रुळलं. जातीचे गुण म्हणून ते जे सांगत ते एकेक करून दिसत गेले. एकटं राहणं तिला आवडत नाही. बायको ज्या खोलीत जाईल त्या खोलीत जाते, कुत्र्यासारखी. कायम उबेची जागा शोधते; सेट-टॉप बॉक्सवर झोपून तिने तो बंद पाडला. अंगावर ओला हात फिरवला की आरशासारखी चमकते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक बाई म्हणाल्या, "अय्या, काळी?" बायको म्हणाली, "मुळापासून."

गणपती गेले, दसरा गेला, आणि दिवाळीची साफसफाई करताना बायकोने मला खिडकीशी हाक मारली. मांजर उन्हात बसली होती. पिवळी कड रुंदावली होती. हिरवं बाहेरच्या काठाला उरलं होतं, तेही विरळ. असं होतं का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एखादीचा रंग दुसऱ्या वर्षापर्यंत गडद होत राहतो. काही जातींत डोळे उशिराच पिकतात.

बायकोने त्याच क्षणी मुलुंडला फोन लावला. "अंकल, रंग बदललाय! हिरवा जातोय."

 एव्हाना त्यांना उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं. मग ते म्हणाले, "बाय, तू नको सांगू. नवऱ्याला दे."

मी फोन घेतला.

"काय रंग, रे?"

मी मांजरीला खिडकीत धरलं. पुन्हा बघितलं. बायको माझा दंड धरून उभी होती.

"मधासारखा," मी म्हटलं.

"तांब्याचा नाय?"

"नाही. मधाचा."

"पातळ मध की जाड?"

"जाड. जुना."

"मग पास नाय होत," ते म्हणाले. श्वास ऐकू आला. "पण कैरी पण नाय ना?"

"नाही. कैरी नाही."

"चुकलं मग माझं. घाई केली." मग हसले. "त्या केंटकीवाल्या बाईचं पण पहिल्यांदा फसलं होतं. आता नाव ठेवा तिला. डोळे ठरले."

बायको केव्हापासून तिला 'बाय' म्हणूनच हाक मारत होती. ते मी सांगितलं नाही. तिनेच फोन घेऊन सांगितलं. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती मांजरीला घेऊन आत गेली.

नाताळच्या आधी ते गेले. झोपेतच. गावठाणातल्या चर्चच्या आवारात, त्यांच्या बायकोशेजारी त्यांना ठेवलं. मनोरीहून चुलतभावाची माणसं आली होती. मुलगी माझ्या बायकोच्या गळ्यात पडून म्हणाली, "शेवटी शेवटी माझ्या मुलाचे केस चाचपून बघायचे. मुळापर्यंत काळे हायत, पास, बोलायचे."

त्यांना जाऊन महिना झाल्यावर जो मिसा होतो, त्याला जायचं असं बायकोने ठरवलं. आधी चर्चच्या ऑफिसात नाव द्यावं लागतं, मराठी मिसात ते वाचतात. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. टेबलामागे एक तरुण कारकून होता. मी अंकलचं नाव सांगितलं.

"आत्म्याच्या शांतीसाठी की आभारासाठी?"

"दोन्ही," बायको म्हणाली.

"एका मिसाला एकच लिहितो, मॅडम. शांतीसाठी त्यांच्या मुलीने दिलंय."

"मग आभारासाठी."

"कशाबद्दल लिहू? वेदीवरून वाचतात, म्हणून विचारतो."

 बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "एका मांजरीबद्दल."

तो हसला नाही. गावठाणातलाच असावा. त्याने लिहून घेतलं आणि विचारलं, तुम्ही त्यांचे कोण. मी म्हटलं, वरचे भाडेकरू. दर विचारला तर म्हणाला, दर नाही, तुमच्या मनाला येईल ते. दर नसला की मला काही सुचत नाही. मी बायकोकडे बघितलं. तिने पर्स उघडली, पाचशे रुपये काढले आणि त्याच्या हातात दिले.